पंखावरचे फोड

जव्हारजवळच्या माळावर खासगी धावपट्टी झाली, तेव्हा खोडाळ्याची चंदा गॅरेज सोडून तिथे विमानं रंगवायला लागली. आज फायबरच्या छोट्या विमानाच्या पंखावरच्या रंगाला फोड आलेले पाहून मॅनेजर सगळ्यांसमोर खेकसला, “गाड्या रंगवणारीच्या हाती विमान दिलं, हीच चूक झाली!” चंदाने एक फोड खरवडला. आतून पाणी ओघळलं, फायबरचे थर सुटलेले दिसले. “साहेब, रंग नाय, पंखच आतून सुटलाय!” “पुट्टी भर आणि रंग मार. तासाभरात पाहुण्यांना फिरवायचंय.” चंदाच्या अंगाची लाही लाही झाली. “माझ्या रंगाखाली मरण झाकायची नाय मी!” तिने लाल रंग घेऊन पांढऱ्या पंखावर हातभर अक्षरांत लिहिलं, ‘उडवू नका.’ मॅनेजर फडकं घेऊन धावला, तोच वैमानिक बाई आल्या. सुटलेल्या थरांवरून बोट फिरवून त्या मॅनेजरला म्हणाल्या, “यात आधी तुम्ही बसा.”