कडू लागतंय का?

सगुणानं कडुलिंबाचा पाला तोंडात घातला, चावला आणि गिळला. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

"कडू लागतंय का?" बुधाजीनं विचारलं.

"व्हय."

"झालं तर! इख न्हाय चढलेलं. इख चढलं की लिंबाचा पाला बी गोड लागतो."

बुधाजी म्हणजे सगुणाच्या सासूचा दीर, गावातला सापाचा जाणकार. त्याच्या शब्दावर खळ्यावरच्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मघाशी भाताचा भारा उचलताना सगुणाच्या बोटाला काहीतरी टोचलं होतं. पेंढ्यात सळसळ झाली, पण साप कुणी पाहिला नव्हता. बोटाला सूजही नव्हती.

सासूचा, सोनाबाईचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. स्वराज्य आल्यावर खाडीपलीकडं सरकारी दवाखाना निघाला होता. तिथं सापावरची सुई मिळायची. बुधाजीची होडी काठाला उभी होती, पण ओहोटी लागून बराच वेळ झाला होता. पाणी उतरलं की होडी चिखलात बसणार, ती पुढच्या भरतीपर्यंत. जायचं तर आत्ताच.

"भावजी, हिला पलीकडं नेऊ या."

"वयनी, कडू लागतंय म्हनते न्हवं ती? काटा टोचला म्हनून होडी काढायची? लोक हसतील."

सोनाबाईनं सुनेकडं पाहिलं. कडू म्हणाली खरी, पण तोंड वाकडं का नाही झालं? तिनं चार पानं स्वतःच्या तोंडात टाकली. डोळे गच्च मिटले, ओठ मुडपले गेले, ती थू थू करू लागली. कडू लागलं की तोंड आपसूक वाकडं होतं, त्याला कुणी सांगावं लागत नाही. मग हिचंच कसं नाही झालं?

आणि सोनाबाईला जुनी गोष्ट आठवली. नवी नवरी असताना सगुणानं खारट झालेल्या कालवणावर नाक मुरडलं होतं. तेव्हा तिनंच सुनेला फैलावर घेतलं होतं. "पुन्हा ताटावर तोंड वाकडं केलंस तर माहेरी धाडीन." पोर गुणाची. त्यानंतर भाकर करपलेली असो की कालवण शिळं, तिनं कधी हूं की चूं केलं नाही. मोठ्यांना हवं तेच उत्तर द्यायचं, एवढं ती पक्कं शिकली होती. आताचं 'व्हय' कडू लागलं म्हणून होतं, की बुधाजीला तेच ऐकायचं होतं म्हणून? सुनेला लावलेल्या वळणाची सोनाबाईला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली.

तिनं सगुणाला भाऱ्याला टेकवून बसवलं. एका हातानं तिचे डोळे झाकले आणि दुसऱ्या हातानं भाकरीचं फडकं सोडलं.

"मला काय हवं ते बोलू नको गो बाय. लागंल तेच सांग."

जिभेवर मिठाचा खडा ठेवला.

"मीठ."

गुळाचा तुकडा दिला.

"गूळ."

मग पुन्हा पाला.

"पाला हाय. कडू हाय, आत्याबाई. लय कडू. मघाशी बी कडूच होता."

सोनाबाईला रडू आलं आणि हसूही. "मग तोंड वाकडं करावं की मानसानं!" डोळ्यांवरचा हात काढून तिनं सुनेचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले.

"सांगत होतो न्हवं?" बुधाजी म्हणाला. त्यानं खाडीकडं नजर टाकली. पाणी पार उतरलं होतं, होडी चिखलात एका कुशीवर कलंडली होती. "बरं झालं न्हेली न्हाय. फुकट हेलपाटा पडला असता."

माणसं आपापल्या भाऱ्यांकडं वळली.

"चल, ऊठ. पानी पी," सोनाबाई म्हणाली.

सगुणा उठली नाही. कपाळाला आठ्या पडल्या होत्या, भुवया वर ताणल्या होत्या, आणि पापण्या मिटलेल्याच होत्या.

"आत्याबाई," जड जिभेनं ती म्हणाली, "डोळ्यांवरचा हात काढा ना आता."