विंगेटांच्या बायबलमधली तारीख

"लढाई चालू असताना या घरात लग्न लागणार नाही," वर्तमानपत्राची घडी घालत जेथ्रो विंगेट म्हणाले. "लावलंस, तर घरच्या बायबलमधून तुझं नाव गेलं."

लेकीने, व्हिनीने, लोण्याची बशी त्यांच्यापुढे सरकवली. "लढाई लागलीय कुठं, बाबा? आणि ऑरिनची तुकडी गुरुवारी निघतेय."

ड्रुसिला आत्या बुधवारी धुतलेल्या पडद्यांना कड्या लावत बसली होती. मागच्या लढाईत तिने घाईने लग्न केलं आणि अकराव्या दिवशी ती विधवा झाली. तिच्या धाकट्या भावाने, जेथ्रोंनी, ही शपथ घेतली ती तेव्हा.

"क्यूबापुढं आपली जहाजं उभी आहेत," ते म्हणाले.

"असू देत. काँग्रेस कागदावर लिहील तेव्हाच लढाई, हे तुझंच म्हणणं ना?" आत्या म्हणाली. "चाळीस वर्षं कोर्टाचं दफ्तर सांभाळलंस. दाखव ठराव."

जेथ्रोंनी घडी मोडली, चारही पानं पाहिली. ठराव नव्हता.

"मग आजच उरका," ते म्हणाले.

त्या शनिवारी, तेवीस एप्रिलला, दुपारी चार वाजता अंगणात फुललेल्या नासपतीखाली व्हिनी आणि ऑरिनचं लग्न लागलं. आत्याचा केक घाईत मधोमध बसला. तिने खड्डा मलईने भरला आणि तोच भाग सगळ्यांना हवा होता. इतक्या वर्षांत आत्याला कोणी एवढं हसताना पाहिलं नव्हतं. जेथ्रोंनी दोन तुकडे खाल्ले.

"बायबलमध्ये लग्नाची तारीख लिहा ना, बाबा."

"मंगळवारी नवी निब येईल. जुनीने अक्षर बिघडतं."

लेकीचा जन्म मध्यरात्रीला सात मिनिटं कमी असा नोंदवणारे ते गृहस्थ. व्हिनीने हट्ट धरला नाही.

मंगळवारी निबही आली आणि वर्तमानपत्रही. आदल्या दिवशी काँग्रेसने लढाई जाहीर केली होती.

"बघा, दोन दिवस आधी उरकलं आपण," व्हिनी म्हणाली.

जेथ्रो पुढची ओळ वाचत होते. मग त्यांनी ती मोठ्याने वाचली. स्पेनशी लढाई एकवीस एप्रिल १८९८ पासून, तो दिवस धरून, चालूच आहे, असं काँग्रेसने ठरवलं होतं.

एकवीस म्हणजे गुरुवार. लग्न शनिवारचं.

ऑरिनने कॉफीचा कप हळूच खाली ठेवला. जेथ्रोंनी बायबल काढलं, घराण्याच्या नावांचं पान उघडलं आणि टाकाला नवी निब बसवली.

"बाबा, आम्हाला कुठं ठाऊक होतं?"

"बोलू नकोस. हात हलतो." ते बहिणीकडे वळले. "ताई, गेल्या बुधवारी, वीस तारखेला, तू काय करत होतीस?"

"पडदे धूत होते. तूच तर दोरी बांधून दिलीस."

जेथ्रोंनी टाक शाईत बुडवला.

"नाही," ते म्हणाले. "बुधवारी तू केक भाजत होतीस."