काचेबाहेरचा पहारा

"बाबा, काजू कमी घाला. निम्म्या सोसायटीला कोलेस्टेरॉल आहे," ऋजुता ठाण्याहून फोनवर म्हणाली.

"बरं, डॉक्टरीणबाई."

तानाजीराव डोंबिवलीत सोसायटीच्या सत्यनारायणाचा मसालेभात करायला उभे होते. दरवर्षी तेच करत. ऋजुताची पीएच.डी. ग्रंथालयशास्त्रातली, पण ती सगळ्याच विषयांत मिळाली आहे असा तिचा समज होता. तिनं तेलाबद्दलही दोन वाक्यं ऐकवली आणि फोन ठेवला. तासाभरानं आधणाचं मोठं पातेलं कलंडलं.

छाती, पोट, दोन्ही पाय. चाळीस टक्के भाजलं.

तिसऱ्या दिवसापर्यंत ऋजुताचे भाजण्यावरचे सतरा लेख वाचून झाले होते. जळीत विभागाच्या काचेच्या दारापाशी खुर्ची टाकून ती येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला शिकवू लागली. भाजल्यावर नुसती कातडी जात नाही. रक्तातली पांढऱ्या पेशींची फौज आधी बेभान धावते, मग थकून बसते. मग साधा जंतूही माणसाला भारी पडतो. "कातडी म्हणजे तटबंदी समजा," असं ती म्हणे. ही उपमा स्वतःलाच सुचल्याचा तिला, वडील आत कण्हत असताना, थोडा आनंदही झाला होता.

कांताआत्या, तानाजीरावांची थोरली बहीण, रोज कल्याणहून बस धरून यायची.

"अगं, लांबूनच बघते तान्याला. हातसुद्धा लावणार नाही."

"आत्या, तुझ्या नुसत्या श्वासात किती जंतू असतात माहितीये?"

आत्या तोंडाला पदर लावून बाकावर जाऊन बसली. "पंचाहत्तर वर्षं मी हेच सोडत आल्ये म्हणायचं," ती शेजारच्या बाईला म्हणाली. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. पुढचे सगळे दिवस आली आणि बाकावरूनच परत गेली.

सिस्टर रोज दार किलकिलं करून सांगायची, "मॅडम, एकजण येऊ शकतं आत. हात धुवा, गाऊन-मास्क घाला, बास. बाहेर कोण आहे, विचारतात बाबा तुमचे."

"सगळे आहेत म्हणून सांगा. आत नको, सिस्टर. उगाच धोका कशाला?"

सिस्टर तिच्याकडे बघायची. फार वाचलेल्या माणसांकडे बघतात तसं.

नवव्या दिवशी संसर्ग रक्तात पसरला. अकराव्या दिवशी तानाजीराव गेले.

"मनाला लावून घेऊ नका," डॉक्टर म्हणाले. "बाहेरून कोणी काही आणलं असं नाही. असे जंतू बरेचदा पेशंटच्याच पोटातले असतात. एरवी शरीर त्यांना आवरून धरतं. भाजल्यावर ते जमत नाही."

ऋजुताला हे ठाऊक होतं. सतराव्या लेखात होतं. दारापाशी व्याख्यान देताना तेवढा परिच्छेद तिनं रोज गाळला होता.

तेराव्याला जेवणं झाल्यावर माणसं बोलत बसली. "ऋजुतानं मात्र कमाल केली," शेजारचे रतनकाका म्हणाले. "आत चिटपाखरू जाऊ दिलं नाही."

"बरोबरच होतं तिचं," कांताआत्या म्हणाली. "मला मेलीला काय कळतंय त्यातलं? जिवंतपणी भेट नाही झाली, पण माझ्यामुळे त्याला काही बाधलं नाही. तेवढं पुरे मला."

ऋजुतानं तोंड उघडलं. सवयीप्रमाणे खुलासा तयारच होता, पेशींसकट. पेशी घशातच राहिल्या.

"आत्या, जंतूंचं खोटं नव्हतं," ती म्हणाली. "पण बाबांना तसं बघायची मला भीती वाटत होती. तू आत गेली असतीस, तर मलाही जावं लागलं असतं."