आडवी स्कूटर

नऊच्या ठोक्याला बेल वाजली. शेजारचे सुर्वे दारात तणतणत उभे होते. “टिपणीस, आजही माझ्या फाटकासमोर स्कूटर आडवी?”

“रस्ता काय तुमच्या तीर्थरूपांचा आहे?” असं म्हणत टिपणीस किल्ली घेऊन निघाले आणि दोघे भांडतच जिना उतरले. बायको गेल्यापासून ती बेल दुसरं कुणी वाजवत नव्हतं. म्हणून तर ते रोज स्कूटर आडवी लावायचे.

माहेरी आलेल्या लेकीला त्या भांडणाची लाज वाटली. जाताना तिने दुसरी किल्ली परस्पर सुर्व्यांना दिली. “काका, तुम्हीच सरकवत जा. बाबांना दगदग नको.”

दुसऱ्या दिवशी टिपणीस दाढी करून दाराशी उभे राहिले. नऊ वाजून गेले. खिडकीतून पाहिलं, तर खाली सुर्वे हळूच, आवाज न करता, स्कूटर सरळ लावत होते.