उलटी जर्सी

हाफ टाइमला प्लासिडने आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषण केलं. ते समोरच्या टीमपुढे केलं, एवढीच काय ती अडचण.

फुटबॉलची फायनल होती. वटार बॉईज विरुद्ध बोळिंजच्या सोसायट्यांमधली पोरं. वटार दोन-शून्यने पुढे होतं. प्लासिड वटारचा काळजीवाहू मॅनेजर. त्याआधी वटारचा कोच, आणि त्याच्याही आधी पंचवीस वर्षं वटारचा लेफ्ट बॅक. काळजीवाहू तो तिसऱ्यांदा झाला होता. दर वेळी तो काळजी करायचा आणि मग मुंबईहून खरा मॅनेजर यायचा. या वेळी मात्र क्लबचा अध्यक्ष स्टॅनी म्हणाला होता, "फायनल काढ, तुला पर्मनंट करून टाकतो." म्हणजे आता फक्त अर्धी मॅच काढायची होती.

जर्सीचा घोळ सकाळपासूनचा. दोन्ही टीमना एकाच भावी नगरसेवकाने जर्सी वाटल्या होत्या. पिवळ्याधमक, पाठीवर त्याचा हात जोडलेला फोटो. रेफरीने टॉस केला आणि वटारला जर्सी उलटी घालायला लावली. त्यावर भावी नगरसेवक रुसले, कारण त्यांचा अर्धा प्रचार आत पोरांच्या घामाला चिकटून बसला होता. शेवटी तडजोड झाली. हाफ टाइमला अदलाबदल करायची. वटार सुलट, बोळिंज उलट.

ही अदलाबदल चालू होती तेव्हा प्लासिड नळावर पाण्याच्या बाटल्या भरत होता. काळजीवाहू मॅनेजरला तेही करावं लागतं. बाटल्या घेऊन तो आला तो सरळ उलट्या जर्सींसमोर जाऊन उभा राहिला.

"त्यांना वाटतंय, आपण आता सुस्तावणार," त्याने सुरुवात केली.

पोरांनी वर पाहिलं. एकाच्या हातात मोबाईल होता. त्याने तो गवतात पालथा ठेवला. मग बाकीच्यांनीही ठेवले. अंकल बोलत असताना त्यांना मध्येच तोडायचं नाही, एवढं वळण बोळिंजच्या पोरांनाही होतं.

प्लासिडने घसा साफ केला.

"त्यांचा लेफ्ट बॅक बॉल आला की आधी स्वतःच्या बुटाकडे बघतो."

बोळिंजचा लेफ्ट बॅक हितेश समोरच बसला होता. त्याने बुटाकडे पाहिलं.

"त्यांचा गोलकीपर उंच बॉलला डोळे मिटतो."

गोलकीपर विकीने डोळे जे उघडले, ते बक्षीस घेईपर्यंत मिटले नाहीत.

"आपले दोन्ही गोल उजवीकडून आले. त्यांच्यातला एक जण जरी दोन पावलं मागे थांबला, तरी आपला रस्ता बंद. नशीब आपलं, त्यांना हे सांगणारं कोणी नाही."

एका पोराने हळूच हात वर केला. "अंकल, त्यांच्यातल्या कोणी मागे थांबायला पाहिजे?"

"तो उंच आहे ना, त्याने."

उंच पोरगा लाजला.

इतक्यात बोळिंजचा कोच प्रमुख पाहुण्यांबरोबरचा चहा संपवून परत आला. मागे उभं राहून त्याने दोन मिनिटं ऐकलं. त्यालाही पटत होतं. मग म्हणाला, "अंकल, तुमची पोरं तिकडे आहेत."

वटारची पोरं खरंच तिकडे होती. नारळाखाली कलिंगड खात होती. कॅप्टन सुरज रील बनवत होता. आपल्याकडे मॅनेजर नाही हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. प्लासिड धावत गेला. "ऐका रे, महत्त्वाचं आहे," तो म्हणाला. "हो अंकल, एकच टेक," सुरज म्हणाला, आणि शिट्टी झाली.

वटार तीन-दोनने हरलं.

संध्याकाळी मांडवातच कमिटी बसली. प्लासिडची मान वर होईना. "माझी चूक आहे. मला काढा," तो म्हणाला.

"अरे, जर्सीच तशा होत्या," एक जण म्हणाला.

"आणि ऊन डोळ्यांवर," दुसरा म्हणाला.

"आणि चष्मा खिशात," स्टॅनी म्हणाला. मग तो उभा राहिला. त्याचा आवाज भरून आला होता. "एवढी वर्षं या क्लबात आहे मी. हरल्यावर कोणी रेफरीला शिव्या घातल्या, कोणी मैदानाला, कोणी वाऱ्याला. माझी चूक म्हणणारा हा पहिला माणूस. याला घालवायचं? हा पर्मनंट!"

टाळ्या पडल्या. जिंकलेल्या मॅनेजरसाठी आणलेली शाल उरली होती, कारण बोळिंजवाले घाईत निघून गेले होते. ती प्लासिडच्या खांद्यावर आली. त्याने ती काढायचा प्रयत्न केला. लोकांनी त्यालाही नम्रपणा म्हटलं. बायका डोळे पुसत होत्या. प्लासिडला वाटलं, आता इथेच पेनल्टी स्पॉटवर जमीन फाटली तर बरं होईल.

घरी जाताना स्कूटरवर मागे त्याची बायको फेलिशिया बसली होती. केळीच्या बागा संपल्यावर ती पुढे वाकली.

"प्लासिड," मग ती म्हणाली, "तू देवळात शेवटच्या बाकावर बसतोस. चष्मा न लावता, पुढच्या बाकावर कोण रविवारच्या मिस्सेला आलं नाही ते मला सांगतोस."

प्लासिडने स्कूटरचा आरसा उगाच नीट केला.

"कधी कळलं तुला?"

पुढे गतिरोधक होता. त्याने स्कूटर अगदी हळू केली. गतिरोधक मागे गेला तरी ती हळूच राहिली.

"पहिल्याच वाक्याला," तो म्हणाला. "पण त्यांनी मोबाईल खाली ठेवले गं."