मुक्कामाची गाडी

“होडी परत येते हो! नायिका काठावर उतरते, म्हातारा तिला गूळपाणी देतो. बघाच हा सिनेमा,” डोईफोडे रंगात येऊन सांगत होते.

आमच्या जुन्या सिनेमावाल्यांच्या रविवारच्या बैठकीत हशा पिकला. इथे शेवट चुकीचा सांगणं म्हणजे चपला घालून देवळात शिरणं. करंदीकरबाईंनी कप खाली ठेवला. “काहीतरीच! होडी बुडते. मी चारदा पाहिलाय. तुम्ही कुठे पाहिलात?”

“लहानपणी, जत्रेतल्या तंबूत, वडिलांबरोबर, आमच्या अण्णांबरोबर.” डोईफोडे जरा अडखळले. “म्हणजे, शेवटचं रीळ सोडून. गावाकडची मुक्कामाची एसटी गाठायची, म्हणून आम्ही दर वेळी आधीच उठायचो. उरलेला सिनेमा अण्णा गाडीत सांगायचे.”

“आणि अण्णांना तो कोण सांगायचं?”

डोईफोडेंच्या आता लक्षात आलं: अण्णाही त्यांच्याबरोबरच उठायचे. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता.

“म्हणजे मी तुम्हाला आजवर जे जे सिनेमे सुचवले...” त्यांचा चेहरा उतरला. पिशवी उचलून ते निघायला लागले.

आता कुणी हसत नव्हतं. बाईंनी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि आपल्या खुर्चीखाली सरकवली.

“बसा हो, आता कुठली एसटी चुकतेय? तो दुसरा सिनेमा, निरपराध पोस्टमन फासावर जातो तो. मला कधीच पटला नाही त्याचा शेवट.” त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या. “अण्णांनी त्याचं काय केलं होतं?”