हातभर अंतरावरून

"त्यांच्या गाडीत? अहो एजे, ताई, पायी निघालात तर तलासला आधी पोहोचाल," एक तरणा ड्रायव्हर म्हणाला, आणि बाकीचे हसले.

"पोहोचेन ना? मग झालं तर," बुरुल म्हणाली आणि तिने आपली पिशवी तुर्दाकुन म्हाताऱ्याच्या गाडीत ठेवली.

बिश्केकच्या टॅक्सीतळावर गाडी नव्हे, ड्रायव्हर निवडायचा असतो, आणि जिवाची पर्वा असलेला माणूस पांढरी दाढी बघून निवडतो. दाढी पांढरी होईपर्यंत जो तलासच्या वाटेवरच्या घाटात जगला, तो आपल्यालाही जगवील, असा साधा हिशेब. अशा माणसाला सगळे अक्सकाल म्हणतात आणि त्याला उलट प्रश्न विचारत नाहीत.

बुरुलचा भाऊ मागच्या हिवाळ्यात याच घाटात अपघातात गेला. ड्रायव्हर विशीतला होता, घाईत होता. तेव्हापासून तिने घाट ओलांडला नव्हता. ती इथे शिवणकामाच्या कारखान्यात, मुलगी तलासला आजीजवळ. हल्ली पोर फोनवर यायलाच तयार नसायची, आणि परवा तर तिने आजीलाच आई म्हटलं. ते ऐकून बुरुलने कारखान्यात रजा टाकली. भीती घाटाची होतीच, पण आता ही दुसरी भीती तिच्याहून मोठी झाली होती.

"अक्सकाल, तुम्ही जोरात नाही ना चालवत?"

तिचा आवाज ऐकून म्हातारा वळला. "पोरी, मी आजवर कुणाच्या पुढे गाडी काढली नाही. समोर एखादा ट्रक मिळाला की त्याच्या मागे मागे जातो. ट्रकवाल्याला रस्ता पाठ असतो."

तिला बरं वाटलं. पण गाडी सुटेना. चार उतारू कधीचे भरले होते. मागे एक नवरा-बायको होते आणि लग्नाला निघालेली एक जाड बाई. बाईची चुळबुळ चालली होती.

"सकाळी फोन पडून फुटला," म्हातारा म्हणाला. "फोनशिवाय मी रस्त्याला लागत नाही. दुकान समोरच आहे. पोरी, तू चल माझ्याबरोबर. मला त्यातलं कळत नाही."

किती जबाबदार माणूस, असं बुरुलच्या मनात आलं. घाटात काही झालं तर निदान फोन करता यावा. भावाच्या ड्रायव्हरच्या फोनला तेव्हा चार्जिंगसुद्धा नव्हतं. रस्ता ओलांडताना म्हाताऱ्याने तिचा दंड धरला, तेव्हा तिला आपले वडील आठवले.

दुकानदार मिर्लान थट्टेखोर होता. त्याने तीन फोन काचेवर मांडले. "हा मुठीत मावतो. हा खिशात मावतो. आणि हा कुठेच मावत नाही, पण सिनेमा मस्त दिसतो. कुणासाठी?"

म्हाताऱ्याने दाढीवरून हात फिरवला. "आज माझ्याजवळ राहील, मग आईला द्यायचा. तिची नजर अधू झाली आहे."

"मग मधला घ्या," बुरुल म्हणाली. "मोठा फोन म्हाताऱ्या माणसाला हातात जड होतो. माझ्या आईने दोनदा तोंडावर पाडून घेतला."

"हातात धरायचाच नाही. समोर टेकवून ठेवायचा." त्याने हात लांब केला. "एवढ्यावर."

मधला फोन त्याने हातभर अंतरावर धरून पाहिला आणि मान हलवली. मग सगळ्यात मोठा उचलला. पण त्याने त्यात ना फोटो पाहिले, ना अक्षरं. कॅमेरा चालू करायला लावला आणि फोन दाराबाहेरच्या रस्त्याकडे वळवला.

"आईला दिवसभर रस्ता बघायला आवडतं," तो म्हणाला. "उन्हात दिसेल ना?"

"दिसेल."

"धुक्यात?"

"धुक्यात मलाही दिसत नाही, अक्सकाल."

"आणि उशीर होतो का रे यात? म्हणजे बस पुढे गेली की लगेच गेलेली दिसते, की मागाहून?"

मिर्लान खो खो हसला. "तुमच्या आईला बस पकडायची आहे की काय?"

म्हाताराही हसला. बुरुलही हसली. आठवडाभरात ती पहिल्यांदा हसली असेल. तिने स्वतः मोठ्या फोनची बाजू घेतली, मिर्लानशी घासाघीस केली आणि गाडीत टेकवायला वापरतात तसला एक चिमटाही फुकट मिळवला. या वयात आईची एवढी काळजी करणारा माणूस आपल्या लेकीपर्यंत आपल्याला सुखरूप नेणारच, याबद्दल तिला आता शंका उरली नव्हती.

परत आल्यावर म्हाताऱ्याने तिला पुढे, आपल्या शेजारी बसवलं. सगळ्यांनी ओंजळी समोर धरल्या. त्याने प्रवासाचा आशीर्वाद मागितला आणि सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. दारं लागली. तरणे ड्रायव्हर टाळ्या वाजवत ओरडले, "परवापर्यंत पोहोचाल."

म्हाताऱ्याने नवा फोन काढला, चिमट्यात अडकवला आणि बरोबर स्टिअरिंगच्या वर बसवला.

"अहो, आईचा फोन उन्हात तापेल," बुरुल म्हणाली. "माझ्याकडे द्या, पिशवीत ठेवते."

"आईला जाऊन फार वर्षं झाली, पोरी."

त्याने कॅमेरा चालू केला. दोन बोटांनी ताणून समोरचा रस्ता मोठा केला आणि काचेबाहेर न बघता फोनवरच डोळे रोखून गाडी सुरू केली.

"आज अगदी स्वच्छ दिसतंय," तो समाधानाने म्हणाला. "तेवढं डावीकडून काही येत असलं तर तू सांग. ते यात मावत नाही."